धोका माणसात की प्रसंगात?

शिक्षा झालेला माणूस सुटल्यावर पुन्हा गुन्हा करील का, याचा अंदाज दोन तऱ्हेच्या बाबींवरून बांधतात. आधीच्या शिक्षा, पहिल्या गुन्ह्याच्या वेळचे वय या न बदलणाऱ्या. रोजगार, दारू, संगत या बदलणाऱ्या. कॅनडात तयार झालेल्या एलएसआय-आर या ५४ बाबींच्या तक्त्यात दोन्ही मोजतात. मात्र या तक्त्यातले गुण गटाविषयी बोलतात. समजा, ‘जास्त धोका’ ठरलेल्या १०० जणांपैकी ४० पुन्हा पकडले गेले. समोरचा कैदी त्या ४० मधला की उरलेल्या ६० मधला, हे तक्ता सांगत नाही.

माझा आक्षेप याहून मुळाशी जातो. धोका एकट्या माणसात नसतो. कोणाविरुद्ध, कुठे, केव्हा, यावरही तो ठरतो. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले खैरलांजी पाहा. सप्टेंबर २००६ मध्ये एका मारहाणीच्या प्रकरणात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या मायलेकींनी साक्षीदार म्हणून मारणाऱ्यांची नावे सांगितली. २९ सप्टेंबरला आरोपींना अटक झाली, त्याच दिवशी जामीनही मिळाला. संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर चालून गेला आणि कुटुंबातले चौघे मारले गेले. गावात घर, शेती, नातीगोती ही तक्त्यातली जमेची बाजू; इथे त्याच नात्यागोत्यांनी जमावाला बळ दिले, असे मला वाटते. साक्षीदार आरोपींच्याच गावात राहतात, यासाठी तक्त्यात रकानाच नाही.

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची सक्तमजुरी ठरवली. दलित-आदिवासींवरील अत्याचारांविरुद्धचा अ‍ॅट्रॉसिटी कायदा दोन्हीकडे लागू धरला गेला नाही. परिणाम असा की पुढे मूल्यमापन करणाऱ्याने नुसती दोषसिद्धीची कलमे वाचली, तर जातीचा प्रश्न त्याला दिसणारच नाही.

कैदी सुधारू शकतो का, हा प्रश्न बचन सिंग खटल्याने १९८० मध्येच फाशीच्या शिक्षेच्या विचारात आणला. मनोज खटल्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांत कैद्याची तुरुंगातली वागणूक आणि मानसिक तपासणी यांचे अहवाल मागवायला सांगितले. चांगलेच झाले. पण तुरुंगात शेताच्या धुऱ्याचा वाद नसतो, साक्षीदार शेजारी राहत नाही. त्यामानाने कैद्याला काही दिवस घरी सोडणाऱ्या संचित रजेची (फर्लोची) पोलिस चौकशी गावापर्यंत पोहोचते. तिथे ‘शांतता भंग होईल’ एवढा शेरा पुरत नाही. कोणाशी वैर आहे, कशावरून आहे आणि ती माणसे आज कुठे राहतात, हे नोंदवायला हवे.