टाकीत पाणी किती?

इ.स. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाचा एक निबंध लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. सुमारे बारा गॅलन मावतील अशा काचपात्रात त्याने दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि पुढे काही गोगलगायी ठेवल्या होत्या. वनस्पती आणि प्राणी एकमेकांना सांभाळून घेतात आणि त्यामुळे पाणी न बदलताही निर्मळ राहते, हे त्याला दाखवायचे होते. मत्स्यालयाच्या इतिहासात या प्रयोगाचा उल्लेख हटकून येतो. त्यातल्या एका तपशिलाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पात्र बारा गॅलनचे असले तरी ते साधारण निम्मेच भरलेले होते. तळाशी वाळू व चिखल होता आणि त्यावर मॅटलॉक परिसरातले सच्छिद्र चुनखडीचे दगड होते. मग पाणी नेमके किती होते?

वॉरिंग्टनचे या प्रश्नावाचून काही अडले नाही, कारण गोड्या पाण्यात त्याला काही मोजून मिसळायचे नव्हते. समुद्रातले प्राणी शहरात आणायचे म्हटल्यावर मात्र तो टाळता येईना.

त्याआधी, १८४६ साली, अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले होते. समुद्राचे पाणी वारंवार मागवणे अवघड, म्हणून आहे तेच पाणी टिकवायचे. त्यासाठी त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. मत्स्यालयातला पहिला हवेचा पंप म्हणजे ही मोलकरीण, असे म्हणायला हरकत नाही!

१८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याने वेगळा मार्ग काढला. समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण तोवर झालेले होते. त्याच्या आधारे त्याने घरी पाणी तयार केले: साधे मीठ साडेतीन औंस, एप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन, पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन, आणि पाणी चार क्वार्टपेक्षा किंचित कमी. आपल्या मापात सुमारे साडेचार लिटर पाण्यात १२२ ग्रॅम क्षार. चुन्याचे क्षार फार थोडे म्हणून त्याने सोडून दिले. (प्रवाळ पाळणाऱ्याला आज हे पटणार नाही, त्यांचे सांगाडे चुन्याचेच.) गॉस पाणी आधी मोजून घेत होता, म्हणून त्याचे प्रमाण बरोबर आले. टाकी एकदा दगडधोंड्यांनी भरली, की मग पाणी मोजायचे कसे?

ही अडचण मोठी झाली ती विसाव्या शतकात. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. गाळणीयंत्राऐवजी त्यांनी टाकीत समुद्रातून आणलेले जिवंत खडक ठेवले. हे खडक बहुतांशी मृत प्रवाळांचे सांगाडे असतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, तर आत जिथे प्राणवायू कमी असतो, तिथले जीवाणू त्या नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवतात. म्हणजे खडकाची छिद्रे हेच गाळणीयंत्र, आणि ती पाण्याने भरलेली!

आता हिशेब करू. टाकीची आतली मापे ९०, ४५ व ४५ सेंटिमीटर. घनफळ १८२ लिटर. पाणी काठाखाली पाच सेंटिमीटर ठेवले, तर उरले १६२. तळाच्या वाळूचे कण सात लिटर जागा घेतात असे धरू. कोरडे असताना २५ किलो भरणाऱ्या खडकाची घनता २.८ धरली, तर त्यातला दगड नऊ लिटर. शिल्लक पाणी १४६ लिटर. कोणी १८२ लिटरच्या हिशेबाने औषध टाकले, तर मात्रा चतुर्थांशाने जास्त होईल. औषध आणि विष यांत थोडेच अंतर असेल, तर एवढी चूक माशांच्या जिवावर बेतते.

खडक वजन करून धरण्याऐवजी बुडवून का मोजू नये? आर्किमिडीजची मुकुटाची गोष्ट आपण वर्गात सांगतोच. पण सोन्याला छिद्रे नसतात. कोकणातल्या शाळांत यासाठी जांभा दगड उत्तम. इतरत्र विटेचा तुकडा चालेल. कोरडा तुकडा पाण्याच्या भांड्यात सोडावा. पातळी चढते, बुडबुडे येत राहतात आणि पाणी आत शिरेल तशी पातळी हळूहळू उतरते. बुडबुडे पूर्ण थांबल्यावर, सुरुवातीपेक्षा पातळी जेवढी वर राहिली, तेवढे आकारमान दगडातल्या घन भागाचे. (काही छिद्रे बंद असली, तर तीही त्यातच मोजली जातात.) आता तोच तुकडा भिजलेलाच बाहेर काढावा, दुसऱ्या भांड्यात पाण्याची पातळी खुणावून घ्यावी आणि मग तो त्यात सोडावा. या वेळी पातळी जास्त चढते आणि चढलेलीच राहते, कारण दगडाने छिद्रांतले पाणी सोबत आणले.

एकच दगड, उत्तरे दोन, आणि दोन्ही बरोबर. जिवंत खडक वाळवला तर मरतो, म्हणून तो नेहमी भिजलेलाच मोजला जातो. पाण्याच्या चढीवरून हिशेब करणारा माणूस त्यामुळे छिद्रांतले पाणी दगडाच्या खात्यात टाकतो. विरघळलेल्या मिठाला असा भेद कळत नाही. ते छिद्रांतही शिरते.

तेव्हा मिठालाच विचारावे. हीच युक्ती जॉन स्कॉट हॉल्डेन व लॉरेन स्मिथ यांनी १९०० साली माणसाच्या शरीरातले रक्त मोजण्यासाठी वापरली. मिठाच्या जागी त्यांनी थोडासा कार्बन मोनॉक्साइड श्वासावाटे दिला होता! आपण बादलीवर भागवू. बादलीत जांभ्याचे तुकडे टाकून साधे पाणी भरावे, ते एक दिवस मुरू द्यावे. मग २०० ग्रॅम मीठ टाकून ढवळावे आणि बादली झाकून ठेवावी. शंभर मिलिलिटर पाणी काढून आटवावे, राहिलेले मीठ तोलावे. दोन ग्रॅम निघाले, तर लिटरला वीस ग्रॅम, म्हणजे बादलीत पाणी दहा लिटर. एक नमुना तासाभराने घ्यावा, दुसरा दुसऱ्या दिवशी. पहिल्यात मीठ थोडे जास्त निघेल. असे का, ते मुलांनाच सांगू द्यावे.