माणसाला किती जमीन लागते? : पाखोमची धाव आणि टॉल्स्टॉय यांचा हिशेब

१/१६
ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळकरी वयात ऐकलेली असते. सूर्यास्तापर्यंत जेवढ्या जमिनीला पायी वेढा घालशील तेवढी तुझी. शेतकरी धावतो आणि अखेरीस कोसळतो. तात्पर्य : अति हाव वाईट. पण ही गोष्ट लिहिणाऱ्याच्या नावावर तेव्हा हजारो एकर जमीन होती, हे आपल्याला सहसा सांगितले जात नाही. आजचा धागा त्याविषयी.

२/१६
लिओ टॉल्स्टॉय यांचा जन्म १८२८ मधला, तुला प्रांतातील यास्नाया पोल्याना या वाडवडिलांच्या जहागिरीवर. दोन वर्षांचे होण्याआधीच आई गेली, नवव्या वर्षी वडील गेले. १८४७ मध्ये भावंडांत वाटणी झाली तेव्हा एकोणिसाव्या वर्षाच्या आतच या तरुणाच्या वाट्याला जहागीर आली आणि तिच्याबरोबर तीनशेहून अधिक भूदास. त्या काळी रशियात जमिनीबरोबर माणसेही मोजली जात.

३/१६
ज्या मोठ्या वाड्यात ते जन्मले तो १८५४ मध्ये विकला गेला. खरेदीदाराने तो सुटा करून दुसऱ्या गावी नेला. त्या पैशांतून सैनिकांसाठी नियतकालिक काढण्याचा बेत होता, परंतु त्याला परवानगी मिळाली नाही आणि रक्कम पत्त्यांच्या जुगारात गेली. पुढे कोणी जन्मस्थान विचारले, की टॉल्स्टॉय वाड्याच्या मोकळ्या जागेवर वाढलेल्या झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवीत. मालमत्ता कशी उडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

४/१६
आता शेतकऱ्याची बाजू. १८६१ मध्ये भूदासपद्धती रद्द झाली. पण सुटका झालेल्या शेतकऱ्याला जमीन फुकट मिळाली नाही. तिची किंमत सरकारला ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती. अनेक ठिकाणी पूर्वी कसत असलेल्या जमिनीचा तुकडाही जमीनदाराकडे गेला. कुरण, पाणी आणि सरपण यांसाठी पुन्हा त्याच्याच दारी. पाखोमची जमिनीची भूक या कोंडीतून जन्मलेली आहे. सुरुवातीला ती हाव नाही, गरज आहे.

५/१६
कथा दोन बहिणींच्या बोलाचालीने उघडते. थोरली शहरात व्यापाऱ्याला दिलेली, धाकटी खेड्यात. कोणाचे जगणे बरे, यावर वाद होतो. उबेला पहुडलेला पाखोम मनात म्हणतो, पुरेशी जमीन असती तर मी सैतानालाही भ्यालो नसतो. सैतान तिथेच आडोशाला बसून ऐकत असतो. पुढचे सारे त्या एका 'पुरेशी' या शब्दाचे रामायण आहे.

६/१६
शेजारच्या जमीनदारीणबाईंचा कारभारी गुरे शेतात शिरली की दंड वसूल करी. बाई जमीन विकायला काढतात. गावकरी आधी ती सामायिक घ्यायचे ठरवतात, पण सैतान त्यांच्यात बेबनाव पाडतो आणि जो तो आपापला तुकडा घेतो. ही ओळ वाचताना सहज निसटते. परंतु कथेतील पहिला पराभव इथेच होतो. पाखोम शिंगरू विकतो, निम्मी मधाची पोळी विकतो, मुलाला मजुरीला लावतो आणि सुमारे ४० एकर मिळवतो.

७/१६
आता शेजाऱ्यांची गुरे त्याच्या कुरणात शिरू लागतात. काही दिवस तो सोडून देतो. मग कोर्टात जातो आणि दंड करवतो. कोणी झाडे तोडली, तर पुराव्याविना एका शेजाऱ्यावर फिर्याद ठोकतो. ज्या दंडाने काल तो स्वतः गांजला होता, तोच आज त्याचे हत्यार झाला. माझ्या मते कथेचा खरा नैतिक कणा हा आहे. माणूस मरतो शेवटच्या दिवशी. त्याचे बिघडणे मात्र पहिल्या ४० एकरांतच सुरू झालेले असते.

८/१६
मग व्होल्गापलीकडे सुमारे १३५ एकर. मग १,३०० एकरांचा सौदा जवळजवळ पक्का. तेवढ्यात एक वाटसरू व्यापारी सांगतो, की बश्कीर लोकांकडे १,००० रूबलमध्ये सुमारे १३,५०० एकर मिळाली. झाले, पाखोम निघाला. तिथला भाव साधा : दिवसाला १,००० रूबल. सकाळी टेकडीवर ठेवलेल्या मुखियाच्या टोपीपासून निघायचे आणि सूर्य बुडण्याआधी तिथेच परतायचे. न परतल्यास पैसे बुडाले.

९/१६
ही अट टॉल्स्टॉय यांना कुठे सापडली? १८७०-७१ च्या सुमारास त्यांनी अक्षरशः झपाटून ग्रीक भाषा शिकली आणि हिरोडोटस मुळातून वाचला. सिथियन लोकांत एक चाल होती, की एका दिवसात घोड्यावरून जेवढ्या जमिनीला फेरी मारता येईल तेवढी दान द्यायची, असे हिरोडोटसने नोंदवले आहे. टॉल्स्टॉय यांनी घोडा काढून घेतला आणि माणसाला पायी सोडले. मग मोजमाप जमिनीचे उरले नाही, छातीतल्या श्वासाचे झाले.

१०/१६
आणि बश्कीर? तेही ऐकीव नव्हेत. प्रकृतीसाठी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, म्हणजे कुमिसचा उपचार घ्यायला टॉल्स्टॉय समारा प्रांतात जात आणि बश्किरांच्या तंबूंत राहत. तो गवताळ प्रदेश त्यांच्या मनात भरला. १८७१ मध्ये तिथे त्यांनी २,५०० देस्यातीन जमीन घेतली, १८७८ मध्ये आणखी ४,००० हून अधिक. एक देस्यातीन म्हणजे सुमारे २.७ एकर. एकूण साडेसतरा हजार एकरांच्या घरात. पाखोमच्या स्वप्नापेक्षाही मोठी मजल.

११/१६
ही जमीन त्यांनी थेट बश्किरांकडून नव्हे, रशियन मालकांकडून घेतली. तरी प्रश्न तोच. याच दशकांत बश्किरांच्या जमिनी कवडीमोलाने परक्यांच्या हाती जात होत्या. १८७३ मध्ये समाऱ्यात दुष्काळ पडला तेव्हा टॉल्स्टॉय यांनी घरोघर फिरून नोंदी केल्या, वर्तमानपत्रात लिहिले आणि देशभरातून मदत आली. पाच वर्षांनी त्याच प्रांतात त्यांनी पुन्हा जमीन घेतली. करुणा आणि मालकी हक्क एकाच मनात नांदत होते.

१२/१६
पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे मन फाटले. मृत्यू सारे पुसणार असेल तर जगायचे कशाला, हा प्रश्न त्यांना आत्महत्येच्या विचारापर्यंत घेऊन गेला. १८८२ च्या मॉस्को जनगणनेत त्यांनी शहरातली दैन्यावस्था जवळून पाहिली. १८८४ मध्ये चेर्तकोव्ह यांच्यासह 'पस्रेदनिक' ही प्रकाशनसंस्था सुरू झाली. तिचा हेतू, कोपेक-दोन कोपेकांत शेतकऱ्याच्या हाती सकस वाचन देणे. १८८६ मध्ये पाखोमची कथा आली ती या धडपडीतून.

१३/१६
इथे एक खटकणारी गोष्ट आहे. भूमिहीनाला जमिनीचा मोह धरू नकोस असे सांगणारा, स्वतः जमीनदार? चेखव यांनी १८९८ च्या 'गूजबेरीज' या कथेत एका पात्राच्या तोंडून याला उत्तर दिले आहे. त्याचा आशय असा, की तेवढीशी जमीन प्रेताला पुरते. जिवंत माणसाला तर सारी पृथ्वी हवी. चेखव यांच्या आजोबांनी पैसे भरून स्वतःला भूदासपणातून सोडवले होते. 'थोडक्यात समाधान मान' हा उपदेश कोणी कोणाला करायचा, याची जाण त्यांना होती.

१४/१६
टॉल्स्टॉय यांना हा आरोप सर्वांआधी स्वतःच्याच तोंडून ऐकू येत होता. १८९१ मध्ये त्यांनी १८८१ नंतरच्या लेखनावरील हक्क सोडला. १८९२ मध्ये स्थावर पत्नी आणि मुलांत वाटून टाकले. पण तेरा बाळंतपणे सोसलेल्या, हस्तलिखिते पुन्हा पुन्हा उतरवून काढणाऱ्या सोफियाबाईंना संसार चालवायचाच होता. त्याग पतीचा, हिशेब पत्नीचा. आणि त्याग करणारा मात्र त्याच घरात, त्याच ताटावर. ही विसंगती दोघांनाही अखेरपर्यंत जाळत राहिली.

१५/१६
१९१० च्या ऑक्टोबर अखेरीस, वयाच्या ८२ व्या वर्षी, रात्रीच्या अंधारात त्यांनी घर सोडले. वाटेत न्यूमोनियाने गाठले. अस्तापोवो या लहानशा स्थानकावर, स्टेशनमास्तरांच्या घरी, नव्या दिनदर्शिकेप्रमाणे २० नोव्हेंबर १९१० रोजी त्यांचे निधन झाले. पाखोम जमिनीच्या दिशेने धावला, टॉल्स्टॉय जमिनीपासून दूर. दोघांचीही धाव सूर्यास्ताशीच होती.

१६/१६
कथेच्या अखेरीस पाखोमचा गडी त्याच्यासाठी तीन अर्शीनांचा, म्हणजे जेमतेम दोन मीटरचा खड्डा खणतो. आपल्याकडे देहाला साडेतीन हातांचा म्हणतात. हिशेब फारसा वेगळा नाही. यास्नाया पोल्यानाच्या रानात, ओघळीच्या काठी टॉल्स्टॉय यांची समाधी आहे. दगड नाही, क्रूस नाही, नाव नाही; गवताने झाकलेला मातीचा उंचवटा. लहानपणी थोरल्या भावाने सांगितले होते, की सर्व माणसांना सुखी करण्याचे रहस्य लिहिलेली हिरवी काठी तिथे पुरली आहे. तीच जागा त्यांनी मागून घेतली होती.

'किती पुरे?' हा प्रश्न दुसऱ्याला विचारला की तो उपदेश ठरतो, उपाशी माणसाला विचारला की क्रौर्य. तो स्वतःलाच विचारावा लागतो, आणि तोही पहिल्या ४० एकरांवर उभे असताना. टॉल्स्टॉय यांनी तो उशिरा विचारला, अर्धवट पाळला. पण टाळला नाही.

(समाप्त)