अडगावची लढाई आणि 'लढवय्या जाती'चं थोतांड

आपल्याकडे लढाईचा इतिहास दोनच शब्दांत सांगतात: शौर्य आणि फितुरी. याच खतावर ब्रिटिशांचा 'लढवय्या जातीं'चा सिद्धांत वाढला. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली, ती याच सिद्धांताच्या जोरावर. मित्रांनो, तो मोडीत काढणारी लढाई आपल्या वऱ्हाडातच झाली आहे.

२९ नोव्हेंबर १८०३, अडगाव, आजचा अकोला जिल्हा. एकीकडे आर्थर वेलस्ली, दुसरीकडे भोसल्यांचं पायदळ आणि शिंद्यांचं घोडदळ. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या तीन देशी पलटणी पळत सुटल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईला याहून भयंकर माऱ्यात याच पलटणी टिकल्या होत्या. मधल्या काळात त्यांची जात बदलली का? रक्त बदललं का?

बर्टलान्फीच्या व्यवस्था सिद्धांतातून पाहिलं तर उत्तर सापडतं. सैन्य ही खुली व्यवस्था. बाहेरून धान्य, पैसा, बातमी आत येते; बिघाड झाला की त्याची खबर योग्य जागी पोचून दुरुस्ती व्हावी लागते. यालाच फीडबॅक म्हणतात. अडगावला पलटणी पळाल्याचं वेलस्लीने स्वतः पाहिलं, शिरसोली गावाच्या आडोशाला त्यांना पुन्हा रांगेत उभं केलं आणि त्याच पलटणी पुढे गेल्या. समोर मात्र एका रणांगणावर दोन धनी होते. सहाच दिवसांपूर्वी शिंद्यांच्या वकिलाने युद्धविराम मान्य केला होता, भोसले त्यात नव्हतेच! शिपाई भित्रे नव्हते, सांधे निखळलेले होते. त्या दिवशी ३८ तोफा गेल्या.

पण या सिद्धांतालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. व्यवस्थेची सीमा कोण आखतं? लष्करी अभ्यासक ती बहुतेक वेळा शिपायापाशी थांबवतात. वेलस्लीच्या फौजेचं पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर चालत होतं. तांडा आला नाही तर पलटण हलत नसे. पुढे गाविलगडासाठी स्टीव्हन्सनच्या फौजेने अवजड तोफा मेळघाटच्या डोंगरातून वाट फोडत, हाताने ओढत लबाड्यापर्यंत नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला. इतिहासात नाव राहिलं ते आतल्या तटावर शिडी लावणाऱ्या कॅप्टन कॅम्पबेलचं. धान्य वाहणारा एकही बंजारा नावानिशी सापडत नाही.

दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांकडून निजामाकडे गेलं.