ताणाचे व्यायाम

ताणाचे व्यायाम किंवा स्ट्रेचिंग हा स्नायू हळूहळू ताणून सांध्यांची लवचिकता वाढवणारा व्यायामप्रकार आहे. त्याचा लाभ घड्याळातील वेळेपेक्षा शरीर त्या वेळी कितपत उबदार आहे आणि ताणाचा प्रकार कोणता आहे, यांवर अधिक अवलंबून असतो.

प्रकार

स्थिर ताणात शरीर एका स्थितीत काही सेकंद रोखून धरले जाते, उदा., पाय लांब करून बसणे व अंगठे पकडणे. गतिशील ताणात सांधा नियंत्रित हालचालीने वारंवार फिरवला जातो, उदा., हात गोल फिरवणे, पाय पुढे-मागे झुलवणे.

व्यायामापूर्वी

धावणे किंवा मैदानी खेळ यांपूर्वी ५ ते १० मिनिटे भरभर चालून शरीर तापवणे आणि नंतर गतिशील ताण देणे योग्य मानले जाते. खेळापूर्वी स्थिर ताण देण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. मात्र एकाच स्नायूला एक मिनिटाहून अधिक काळ असा ताण दिल्यास त्याची ताकद तात्पुरती घटते, असे अभ्यासांत आढळले आहे.

व्यायामानंतर

व्यायामानंतर स्नायू उबदार असल्याने ही वेळ स्थिर ताणास सोयीची असते. तथापि, दुसऱ्या दिवशी जाणवणारे अंग दुखणे त्यामुळे फारसे कमी होत नाही.

सकाळ व सायंकाळ

झोपेत मणक्यांमधील चकत्या द्रव शोषून किंचित फुगतात. त्यामुळे उठल्याबरोबर पुढे वाकल्यास कमरेवर अधिक भार येतो. कंबरदुखी असणाऱ्यांनी सकाळी उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणे टाळणे हिताचे असते. सकाळी सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी आरंभीची आवर्तने संथ ठेवल्यास शरीर क्रमाने उबदार होते. शरीराचे तापमान दुपारनंतर ते सायंकाळपर्यंत सर्वाधिक असते व त्या वेळी लवचिकताही सामान्यतः अधिक आढळते.

प्रमाण

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेच्या शिफारशीनुसार हे व्यायाम आठवड्यातून किमान २ ते ३ दिवस करावेत. प्रत्येक स्थिर ताण प्रौढांनी १० ते ३० सेकंद, तर ज्येष्ठांनी ३० ते ६० सेकंद टिकवावा. सराव खंडित झाल्यास मिळवलेली लवचिकता हळूहळू कमी होते. म्हणून नियमितपणे पाळता येईल अशी वेळ निवडणे महत्त्वाचे ठरते.

दक्षता

ताण देताना ओढ जाणवावी, वेदना होऊ नये. झटके देणे व श्वास रोखणे टाळावे. ताज्या दुखापतीत किंवा शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.