दिवाणखान्यात कोण बसत असे?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमचा सदाशिव पेठेतला वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करायचे ठरले आणि आम्ही सगळी भावंडे सामानाच्या वाटणीला जमलो. भांडीकुंडी तासाभरात वाटून झाली. घोडे अडले ते दिवाणखान्यातल्या पाच शिसवी खुर्च्यांपाशी. वेत फाटलेला, पाठीवर कोरलेली वेलबुट्टी, आणि त्यातल्या एकीचा हात आजोबांच्या तळव्याने घासून गुळगुळीत झालेला. "अस्सल पेशवाईतलं सामान आहे हे," थोरला आतेभाऊ म्हणाला. मी इतिहास शिकवते, त्यामुळे राहवले नाही. म्हटले, "दादा, पेशवाईत दिवाणखान्यात बसायची रीत खुर्चीची नव्हती." त्यावर त्याने विचारले, "मग त्या एवढ्या मोठ्या खोलीत होतं तरी काय?"

जमिनीवर होते ते थोडकेच. जाजम, त्यावर पांढरीशुभ्र चादर, भिंतीशी गाद्या, लोड, तक्के. पानाचा डबा, तस्त, अत्तरदाणी, गुलाबदाणी. ऐपत असेल तर छताला हंड्या-झुंबरे. 'दिवाण' आणि 'खाना' हे शब्द फारसीतून आलेले, म्हणजे ही मुळात कारभाराची जागा. घरच्यांनी पाय पसरून बसायची नव्हे. रोजच्या बोलण्यात तिला 'बैठक' म्हणत. हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. बसायची जागा ती बैठक, तिथे जमलेली माणसे ती बैठक, आणि त्यांनी केलेले काम तीही बैठकच. 'गादी' शब्दाचे तसेच. कापसाची असो की सत्तेची, गादी एकच.

बाकीचे सामान होते भिंतीत. जुन्या वाड्याची भिंत माती-विटांची, दीड-दोन हात जाडीची. तिच्या पोटात कोनाडे, फडताळे, दिवळ्या. तिच्या अंगावर खुंट्या. समई कोनाड्यात, दप्तर फडताळात, पगडी खुंटीवर. खोलीचे मोजमापही लाकडी खांबांवरून व्हायचे: दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि दिवाणखाना किती खणांचा, यावर घराची पत. जमीन मोकळी राहायची ती भिंत भरलेली असायची म्हणून. खिडक्यांचे उंबरेही खाली, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या मापाने. आमच्या दिवाणखान्यात खुर्चीवर बसले की खिडकीतून रस्ता धड दिसत नसे, जाजमावर बसले की समोरच्या घराच्या ओट्यापर्यंत सगळे दिसे. लहानपणी मला याचे कोडे वाटायचे. ती खोली खुर्चीसाठी बांधलेलीच नव्हती.

या बैठकीचे एक प्रसिद्ध चित्र आहे. टॉमस डॅनियलने 1805 मध्ये पुरे केलेले हे तैलचित्र सध्या लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट 1790 चा तह सादर करतो आहे. टिपूविरुद्धच्या युतीचा हा तह. स्थळ शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल. चित्र दरबारी थाटाचे, पण माझी नजर गोऱ्या मंडळींच्या पायांवर जाते. तंग विजारी घातलेले ते अधिकारी जमिनीवर बसलेले आहेत, मराठी दरबारात बसायला हवे तसे. त्या काळी पुण्यात कोण कुठे आणि कसे बसणार, हे पुणे ठरवीत होते.

चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही सांगायला हवे. ज्याच्या रेखाटनांवरून ते झाले तो जेम्स वेल्स पुण्यात आला 1792 मध्ये, म्हणजे तहानंतर. आणि डॅनियल तर तिथे हजर नव्हताच. काम मॅलेटच्या सांगण्यावरून झाले, आणि हाच मॅलेट पुढे वेल्सचा जावई झाला. तरीही माणसांचे चेहरे आणि खोलीची मांडणी वेल्सने पुण्यात पाहून टिपलेली होती. शनिवारवाडा 1828 च्या आगीत गेल्यावर त्या रंगमहालाचा एवढा तपशीलवार साक्षीदार क्वचितच उरला.

जाजमाला कड असे, हे मात्र अशी चित्रे दाखवत नाहीत. गादीपासून किती हातांवर बसायचे, लोडाला टेकायचे की नाही, यावर प्रत्येकाची पायरी कळे. कुळे ओसरीखाली अंगणात बसत, आणि काहींना अंगणही नसे. सातारच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना बसायला स्वतःचे तरट घरून न्यावे लागे, ते याच व्यवस्थेचे दुसरे टोक.

1818 नंतर पुण्याचा शब्द चालेनासा झाला आणि बसण्याची उंची बदलू लागली. मुंबईत मेडोज स्ट्रीटच्या परिसरात (आताचा नगीनदास मास्टर रोड) एकोणिसाव्या शतकात शिसवी कोरीव सामानाचा मोठा धंदा चाले. घाट युरोपी, कोरीवकाम देशी, गिऱ्हाईक आधी साहेब आणि पारशी, मग इतर. तिथून हे सामान पुण्याच्या वाड्यांत चढले. आमच्या खुर्च्याही त्याच घाटाच्या. घरात ऐकलेली गोष्ट अशी, की पणजोबांनी त्या आणल्या मामलेदार-कलेक्टर आले तर बसवायला. एरवी त्यांवर खोळी असत आणि स्वतः पणजोबा शेजारी लोडाला टेकून बसत.

जुनी छायाचित्रे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खुर्च्या आल्या, पण मांडणी बैठकीचीच राहिली. खुर्च्यांच्या पाठी भिंतींना लावलेल्या, मधली जागा मोकळी. जिथे गादी होती तिथे हातांची मोठी खुर्ची, कडेला बिनहातांच्या. मधोमध गोल मेज आले तेही उशिरा, आणि त्यावर करायचे काय हे ठरायला आणखी उशीर लागला. कारण मेजावर खायचे-प्यायचे म्हणजे सोवळ्याचा प्रश्न. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. 'पुणे वैभव'मध्ये नावे छापून आली आणि टिळक-रानड्यांसह चाळिसाहून अधिक जणांवर ग्रामण्याचे बालंट आले. मिशनच्या घरी बसल्याचा नव्हे, तिथल्या चहाचा हा गुन्हा.

आतापर्यंत मी जे सांगितले ते सगळे पुरुषांचे बसणे. बायका होत्या माजघरात. माझी आजी दिवाणखान्याच्या दारामागे, चौकटीला हात लावून उभी राहायची. आतले बोलणे ऐकायची आणि पाहुणा किती वेळ बसणार याचा अंदाज घेऊन चहाचे आधण ठेवायची. पण त्या खोलीत नजरेला सुंदर वाटेल असे जे काही होते ते बहुतेक तिच्या हातचे होते. खुर्च्यांच्या पाठीवरचे क्रोशाचे रुमाल. दारावरचे काचमण्यांचे तोरण, त्यात समोरासमोर दोन पोपट. भरतकामाने काढलेले 'सुस्वागतम्', चौकटीत बसवलेले. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीची तसबीर आजोबांनी आणली (1894 मध्ये गिरगावात छापखाना निघाल्यापासून या तसबिरी मराठी घरांत शिरल्या होत्या), पण तिला जरीची किनार आणि टिकल्या लावल्या आजीने. खोली सजवणारी बसायला मात्र आत येत नसे, आणि 'सुस्वागतम्' तिने कोणासाठी विणले होते हे मी तिला कधी विचारले नाही.

दोन प्रसंग याला अपवाद. चैत्रगौरीचे आणि संक्रांतीचे हळदीकुंकू. त्या दिवशी खुर्च्या उचलून गच्चीच्या जिन्यात रचल्या जात, सतरंज्या अंथरल्या जात, पुरुष ओसरीवर जात आणि आजी ऐन आजोबांच्या जागी बसून ओट्या भरी. संध्याकाळी दिवेलागणीनंतर खुर्च्या परत भिंतीला. मला वाटते, जुनी बैठक अखेरपर्यंत टिकवली ती बायकांनी, वर्षातून दोन दुपारी.

चाळीत हा प्रश्नच नव्हता. 1920 च्या दशकातल्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची; तिथे पाहुणा येईल ती जागा दिवाणखाना आणि कॉट हाच सोफा.

आमच्या घरात सगळे उलटेपालटे केले ते दूरदर्शनने. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यालाही चित्र दिसू लागले, आणि काही वर्षांनी आमच्याकडे लाकडी शटरचा संच आला. तो ठेवला गेला आजोबांच्या खुर्चीच्या जागी, कारण विजेचा प्लग तिथेच होता. दोनशे वर्षांत पहिल्यांदाच खोलीतले सगळे एकमेकांकडे तोंड करून न बसता एकाच दिशेला तोंड करून बसले, आणि आजोबांची खुर्ची कडेला सरकली. मराठी चित्रपट असला की शेजारणी येत, सतरंजी पडे. आजीचे गुडघे तेव्हा दुखू लागले होते. एके दिवशी ती खुर्चीवर बसली. कोणी काही बोलले नाही. सिनेमा चालू होता.

वाटणीत हातांची खुर्ची आतेभावाला गेली. मला फडताळातली पत्र्याची पेटी मिळाली, जी दुसऱ्या कोणाला नकोच होती. तीत ते पोपटांचे तोरण, सात क्रोशाचे रुमाल आणि काच तडकलेले 'सुस्वागतम्' आहे. नव्या इमारतीचा नकाशा आला तेव्हा त्यात आमच्या वाट्याला एक 'लिव्हिंग-डायनिंग' आले आहे. एका भिंतीत कोनाडा ठेवता येईल का, असे मी आर्किटेक्टला विचारले. त्याने नकाशावर पट्टी ठेवून पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, भिंत सहा इंचांची आहे. शोकेस करून घ्या."