बरे झाल्यानंतरची टेकडी

जालना जिल्ह्यात अंगणाअंगणांत आणि शाळांच्या कुंपणांलगत सदाफुली फुललेली दिसते. कमी पाण्यावर तगणारे हे झाड आपण फारसे मनावर घेत नाही. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या शास्त्रज्ञांच्या गटाने तिच्या पानांचा अर्क मधुमेहावर चालतो का, हे पाहायला घेतला होता. साखर उतरली नाही. प्रयोगातील उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे औषध पुढे आले. त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन १९६३ पासून मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरात आले. (म्हणून कोणी सदाफुलीची पाने उकळून पिऊ नयेत, ती विषारी आहेत.)

त्याआधी, १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने बनविलेले अमिनोप्टेरिन मुलांना दिले होते. गुण आला, पण काही महिनेच टिकला. साठच्या दशकात मेम्फिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र वापरली, आणि जवळजवळ निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. भारतात ही सुधारणा दिसली ती ऐंशीच्या दशकात. त्या वेळी जालन्याहून मुंबईच्या टाटा रुग्णालयात जायचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे. इकडचा लोहमार्ग मीटर गेज होता. आजारी मूल कडेवर घेऊन, महिनोन्महिने हा प्रवास.

मूल बरे झाले, की पुढे काय? हा प्रश्न वैद्यकाला उशिरा पडला. फिट्झह्यू मुलन हे स्वतः कर्करोगातून उठलेले अमेरिकन डॉक्टर. आपण बुडणाऱ्याला बाहेर काढतो आणि काठावर खोकत सोडून देतो, अशा अर्थाची तक्रार त्यांनी १९८५ मध्ये केली. टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना १९९१ मध्ये सुरू झाला.

तक्रार खरी होती. व्हिन्क्रिस्टिनने पायांच्या नसा दुबळ्या होतात, कधी चालताना पाऊल नीट उचलले जात नाही. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करते, आणि ती इजा कधी कधी कित्येक वर्षांनी उघड होते. बालपणी कर्करोग झालेल्या १०,३९७ प्रौढांचा अमेरिकेतील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ६२ टक्के जणांना कोणता ना कोणता दीर्घकालीन विकार होता.

हे ऐकून कोणीही म्हणेल, मग मुलाला जपावे. घरचे तेच करतात, आणि आपण शिक्षकही कवायतीच्या तासाला त्याला सावलीत बसवतो. हेतू प्रेमाचा असतो. पण बसून राहिलेले हृदय आणि स्नायू अधिकच दुबळे होतात. अमेरिकेच्या क्रीडावैद्यक संस्थेने २०१० मध्ये स्पष्टच सांगितले, की उपचार चालू असताना आणि नंतरही योग्य व्यायाम सुरक्षित आहे, निष्क्रियता टाळावी.

साहस शिबिरांची कल्पना येथे जुळते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, कुर्ट हान यांनी वेल्समधील ॲबरडोव्ही येथे तरुण खलाशांसाठी डोंगर आणि समुद्रावरचे शिक्षण सुरू केले. साठ वर्षांनी, २००१ मध्ये, ब्रॅड लुडेन या कयाकपटूने अमेरिकेत 'फर्स्ट डिसेंट्स' ही संस्था काढली. कर्करोग झालेल्या १८ ते ३९ वयाच्या तरुणांना ती नदीत नाव वल्हवायला आणि कडे चढायला नेते. शिबिरात सगळ्यांना टोपणनावे असतात. हे मला फार शहाणपणाचे वाटते: रुग्णालयाच्या केसपेपरवरचे नाव आठवडाभर बाजूला पडते. शेजारी दोर धरणाऱ्यालाही केस गळणे म्हणजे काय ते ठाऊक असल्याने व्रण समजावून सांगावा लागत नाही.

त्यासाठी कॉलोरॅडोच हवे असे नाही. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे, आणि शाळेची सहल तेथे जाते. आपल्या वर्गात असा विद्यार्थी असेल, तर त्याचे नाव यादीतून गाळण्याआधी पालकांना तीन गोष्टी विचाराव्यात. औषधांत डॉक्सोरुबिसिन होते का? हृदयाची सोनोग्राफी शेवटची कधी झाली? डॉक्टरांनी कशाला मनाई केली आहे? पाऊल अडखळत असेल, तर घोटा धरून ठेवणारा बूट आणि सोबत एक मित्र द्यावा. चढताना तो मध्येच बसला, तर बसू द्यावे. उतरताना मात्र त्याच्या पुढे कोणीतरी असावे, कारण दुबळे पाऊल उतारावर अधिक दगा देते.