वरळीचा बेडूक ते मांगलीची कवटी : तौलनिक शारीराच्या इतिहासातील महाराष्ट्र

प्रस्तावना

पृष्ठवंशी प्राण्यांचे तौलनिक शारीर हा विषय पदवी वर्गात शिकविताना त्याचा इतिहास साधारणतः पॅरिस आणि लंडन या दोन शहरांत सुरू होऊन तेथेच संपतो. फ्रान्समध्ये जॉर्ज क्युव्हिए यांनी अवयवांच्या परस्परसंबंधाचे तत्त्व मांडले आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये समजात व समवृत्ती अवयवांतील भेद स्पष्ट केला, एवढे विद्यार्थ्यास ठाऊक असते. या शास्त्राचा पाया रचला जात असताना त्यासाठी लागणारी काही महत्त्वाची सामग्री महाराष्ट्राच्या भूमीतून गेली होती, ही बाब मात्र दुर्लक्षित राहिली आहे. प्रस्तुत लेखात या सामग्रीचा मागोवा घेऊन वाशिमसारख्या जिल्ह्यातील अध्यापनाशी तिचा काय संबंध आहे, याचा विचार केला आहे.

लाव्हाच्या थरांमधील बेडूक

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याची भूमी मुख्यतः दख्खनच्या बेसाल्ट खडकाची आहे. हे लाव्हाचे उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तप्त लाव्हात अस्थी टिकत नाहीत. परंतु दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि त्या गाळात जीवांचे अवशेष राहिले. मुंबईतील वरळी येथील अशाच थरात लहान बेडकांचे सांगाडे आढळले. ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन करून त्या जातीस ‘राना पुसिला’ हे नाव दिले. पुढे १९३० मध्ये नोबल यांनी तिच्यासाठी ‘इंडोबॅट्रॅकस’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. ज्या खडकावर वाशिमची शेती उभी आहे, त्याच खडकाच्या कुशीतील बेडूक त्या काळातील अग्रगण्य शारीरविदाच्या मेजावर पोहोचला होता.

मांगलीची कवटी

विदर्भाचे योगदान याहून मोठे आहे. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मप्रसार व शिक्षण यांबरोबरच त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसराच्या भूशास्त्राचा अभ्यास केला. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या मांगली येथील गोंडवन खडकात मिळालेली एक रुंद, चपटी कवटी लंडनला गेली आणि १८५५ मध्ये ओवेन यांनी तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. कवटीची रुंदी आणि डोळ्यांच्या खोबणींपुढील आखूड मुख ही दोन्ही लक्षणे या नावातच आली आहेत.

ओवेन यांनी या प्राण्यास सरीसृप मानले होते. आज त्याची गणना टेम्नोस्पॉन्डिल या प्राचीन उभयचरांच्या गटात होते. हा बदल अध्यापनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. कवटी तीच राहिली. मात्र तिची तुलना ज्या प्राण्यांशी करावयाची त्यांची संख्या वाढली, आणि तुलनेची कक्षा वाढताच निष्कर्षही बदलला. तौलनिक पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा या एकाच उदाहरणातून समजू शकतात. हिस्लॉप यांचा १८६३ मध्ये टाकळघाट परिसरातून परतताना ओढ्याच्या पुरात मृत्यू झाला.

पिसदुरा : अस्थींपासून अन्नमार्गापर्यंत

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील पुच्छमणक्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ मध्ये ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ या डायनासोरचे वर्णन केले. तथापि जीवाश्मांतून प्रामुख्याने अस्थिसंस्थाच कळते. हृदय, आतडी, मेंदू हे मृदू अवयव सहसा नष्ट होतात. या मर्यादेवर पिसदुऱ्यानेच एक मार्ग दाखविला. तेथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे वंदना प्रसाद, अशोक साहनी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. आतड्याचा अवशेष नसतानाही आहाराचा पुरावा मिळाला आणि डायनासोरांच्या काळात गवत अस्तित्वात होते, हेही सिद्ध झाले.

विच्छेदनानंतरचा प्रश्न

मृदू अवयवांच्या अभ्यासासाठी महाविद्यालयांनी दीर्घकाळ विच्छेदनाचा आधार घेतला. माशाचे दोन कप्प्यांचे, बेडकाचे तीन कप्प्यांचे व सस्तन प्राण्याचे चार कप्प्यांचे हृदय हा क्रम विद्यार्थी प्रत्यक्ष पाहून शिकत असे. त्यासाठी पकडल्या जाणाऱ्या बेडकांची संख्या मात्र चिंतेचा विषय होती. १९८७ मध्ये भारताने बेडकांच्या पायांच्या निर्यातीवर बंदी घातली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये ते बंद केले. हा निर्णय योग्यच होता. परंतु विच्छेदनाबरोबर प्रत्यक्ष निरीक्षणही गेले, तर हा विषय केवळ तक्त्यांच्या पाठांतराचा उरेल. हा धोका खरा आहे.

उपरोक्त इतिहास येथे उपयोगी पडतो. वरळी, मांगली व पिसदुरा येथील ज्ञान प्राणी न मारता, उपलब्ध अवशेषांच्या तुलनेतून निर्माण झाले. वाशिम जिल्ह्यातही अशा निरीक्षणास वाव आहे. कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठी प्रसिद्ध आहे. काळविटाचे शिंग अस्थिगाभ्यावरील कायमचे आवरण असते, तर चितळाचे शिंग निव्वळ अस्थीचे असून दरवर्षी गळून पडते. हा भेद कोणत्याही शस्त्राविना शिकविता येतो. वन्यप्राण्यांचे अवशेष कायद्याने शासनाची मालमत्ता असल्याने ते उचलता येत नाहीत. मात्र नैसर्गिकरीत्या मृत झालेल्या गाय, बैल, शेळी यांच्या अस्थी स्वच्छ करून त्यांचा तौलनिक संग्रह करणे कोणत्याही महाविद्यालयास शक्य आहे. शेळीच्या पुढच्या पायातील दोन बोटे आणि माणसाच्या हातातील पाच बोटे शेजारी ठेवली, की समजात अवयवाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

समारोप

महाराष्ट्रातील अस्थींनी तौलनिक शारीरास सामग्री पुरविली, पण त्यांचे अर्थ दीर्घकाळ परदेशात लावले गेले. २००५ च्या संशोधनात भारतीय अभ्यासकांचा वाटा अग्रभागी आहे, हे त्या स्थितीत झालेल्या बदलाचे लक्षण होय. हा बदल ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचावयाचा असेल, तर विच्छेदनपेटीची रिकामी झालेली जागा अस्थिसंग्रहाने भरून काढणे आवश्यक आहे.